टाकीचा चढ

मी धावायला लागले ती रागाने. हे आधीच सांगून टाकते. हल्ली रविवारी सकाळी पेणला माझ्याबरोबर चढ चढायला जी मंडळी येतात, त्यांच्यातलं कुणी ना कुणी मला विचारतंच, बाई, तुम्हाला प्रेरणा कुणाची? विचारणाऱ्यांत शिक्षिका असतात, बँकेतले अधिकारी असतात, दोन मुलांची आई असलेली एक दंतवैद्य आहे. त्यांना काहीतरी गोड ऐकायचं असतं. माझ्याकडे गोड काही नाही. मला राग आला होता, आणि इतक्या वर्षांत तो पुरता गेलेला नाही. म्हातारपणी माणूस मवाळ होतं म्हणतात. मी झालेले नाही, व्हायची इच्छाही नाही.

आमचं गाव वडखळच्या पुढे, हमरस्ता सोडून खाडीकडे वळलं की लागायचं. खारपाटातलं गाव. खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली शेतं, आणि त्याच्या पलीकडे मिठागरं. जमीन अशी सपाट की शेजारच्या गावात बैल उभा राहिला तर आमच्या ओट्यावरून दिसायचा. चढ म्हणून आमच्याकडे दोनच गोष्टी होत्या, एक बांध आणि दुसरी मिठाची रास. आय आणि बाबा दोघंही मिठागरावर कामाला. बाबा वाफ्यात मीठ ओढायचे आणि आय ते पाटीत भरून डोक्यावरून राशीवर नेऊन टाकायची. त्यांची भाकरी घेऊन मी बांधावरून धावत जायचे. धावायची सवय म्हणाल तर तिथली. पण ती भाकरी गार होऊ नये म्हणून केलेली धाव होती, तिला कुणी धावणं म्हणत नव्हतं.

दहावी झाले आणि पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आला. पावसाळ्यात आमच्या गावाची वाट चार महिने चिखलात जायची, रोज पेणला जाऊन कॉलेज करणं जमण्यातलं नव्हतं. रोह्याला आयची धाकटी बहीण होती, तिला मूल नव्हतं. ती स्वतःच आली आणि आयला म्हणाली, "तायग, पोरीला माझ्याकडं दे. माझं घर लय गप्प असतं." अशी मी रोह्याला गेले.

मावशीचं घर गप्प का असतं ते मला आठवड्याभरात कळलं. मावसा कंपनीत होते आणि त्या दोन खोल्या मावसांच्या शिफ्टवर चालायच्या. पहिली पाळी असली की पहाटे स्टोव्हचा आवाज, दुसरी असली की दुपारी डब्याची घाई, आणि तिसरी असली की दिवसभर घरात पाऊल वाजवायचं नाही, कारण मावसा झोपलेले. मावशी पाट्यावर वाटण वाटायची ते सुद्धा वरवंटा दाबून धरून, आवाज होऊ न देता. मी भांडं पाडलं की ती ओठावर बोट ठेवायची आणि मग आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. चाळीच्या मागे पोह्यांची गिरणी होती. भात भाजल्याचा वास दुपारी घरभर यायचा आणि संध्याकाळी वारा फिरला की त्याच्या जागी कंपनीचा तिखट वास यायचा. मावशीच्या हातचं वालाचं बिरडं, तांदळाची मऊ भाकरी, कांदा घालून परतलेली सुकट. त्या जेवणाने मी पहिल्या सहा महिन्यांत अंगाने भरले. आयने बघितलं तेव्हा तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

मावसा हौसेने धावायचे. रोह्यात तेव्हा अशा हौशी लोकांचं एक मंडळ होतं. कंपनीतले काही जण, बँकेतले एक गोलमटोल कॅशियर, दोन-तीन दुकानदार आणि या सगळ्यांचे म्होरके टिपणीस सर. सर हायस्कुलात गणित शिकवायचे. जुन्या जमीनदार घराण्यातले, उंच, सडपातळ, पन्नाशीतही ताठ. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं, धावण्याची वेळ मोजायचं घड्याळ असायचं आणि खिशात एक वही. कोण किती वेळात धावलं हे सर त्या वहीत लिहायचे आणि महिन्याच्या शेवटी मंडळाच्या फळ्यावर खडूने उतरवायचे. मावसा मंडळाचे चिटणीस होते. शिट्टी, दोरी आणि मंडळाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. आता हे वाचणाऱ्याला त्यात काय एवढं असं वाटेल. पण मावसांचे वडील सरांच्या वडिलांच्या खोतीत राबलेले होते, आणि आता मावसा सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. ती खुर्ची मावसांनी कशी जपली होती हे मला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

एका रविवारी मीही मागे लागून गेले. मावसांचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेल्या, आणि सलवार-कुर्ता. नदीवरच्या पुलापर्यंत रस्ता सपाट होता. मी कॅशियरना मागे टाकलं, दुकानदारांना मागे टाकलं, पुलाशी पोचले तेव्हा माझ्यापुढे चारच जण होते. तिथून पुढे डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता सुरू व्हायचा. अर्ध्यावर पंपाची खोली, आणि तिथून पुढे आणखी उभा होत टाकीपर्यंत. सर पुलाशी थांबून सगळ्यांची वाट बघत होते. मला बघून म्हणाले, "तू इथेच बस. खारपाटातली ना तू? तुम्हा लोकांना चढ सोसत नाही. बेडूक कधी डोंगरावर दिसतो का?"

सगळे हसले. सर दुष्ट नव्हते, हे मी आज मान्य करते. ते गमतीनेच बोलले. पण हसणाऱ्यांत मावसाही होते, आणि मावसा माझ्याच मातीतले होते.

मी चढाला लागले. जीव खाऊन, लांब ढांगा टाकत, कमरेत वाकून, नजर वर त्या टाकीवर. पहिल्या दोन वळणांपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते. तिसऱ्या वळणावर माझ्या मांड्या दगड झाल्या. पंपाची खोली अजून पन्नास पावलं होती तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसले आणि सकाळचे पोहे ओकले. सर संथ लयीत माझ्या शेजारून वर गेले. जाताना थांबले नाहीत, नुसतं म्हणाले, "बोललो होतो."

त्यानंतर दोन महिने मी मंडळाबरोबर गेले नाही. शिमग्याला घरी गेले तेव्हा मिठागरं भरात होती. दुपारी आयची भाकरी घेऊन गेले आणि राशीपाशी सावलीला बसले. आय पाटी घेऊन वर चढत होती. रास दोन पुरुष उंच, तिच्यावर तिरकी लावलेली फळी, फळी मिठाच्या पाण्याने निसरडी. लहानपणापासून हजार वेळा पाहिलेलं ते दृश्य. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचे पाय बघितले. तिची पावलं एवढीएवढी होती, एका पावलाच्या पुढे जेमतेम दुसरं. पण ती भराभर पडत होती, आणि खालून वरपर्यंत त्यांचा वेग बदलत नव्हता. शेजारच्या फळीवरची एक नवी सून जोरात सुरुवात करायची आणि फळीच्या मध्यावर तिची पाटी डुलायला लागायची. आय तिच्या मागून निघून तिच्याआधी वर पोचायची आणि तिच्या कपाळावर घाम सुद्धा कमी असायचा.

ती जेवायला बसली तेव्हा मी तिला विचारलं, "आय, तू दमत कशी नाय गो?"

"दमतंय की. दमल्याचं दाखवू कुणाला?" ती म्हणाली. मग मी तिला टाकीचा चढ सांगितला, पोहे ओकले ते सांगितलं. बेडकाचं सांगितलं नाही. तिने भाकरी खाली ठेवली, उठली आणि माझ्या डोक्यावर अर्धी भरलेली पाटी दिली. "चल वर," म्हणाली.

मी पहिली ढांग टाकली आणि पाटी डचमळली. "लांब पाय टाकलास की पाटी हलते," ती खालून ओरडली. "पाय लहान टाक. वर कशाला बघतेस? वर बघितलंस की मान मागं जाते आन् पाटी तुला मागं ओढते. चार हात पुढं बघ. कमरेत मोडू नको गो, फुफ्फुस दाबलं जातं तुझं. घोट्यातनं कल, सगळीच्या सगळी पुढं कल." मी वर पोचले, मीठ ओतलं आणि तिथेच उभी राहिले. "उभी नको राहूस! उतर! माथ्यावर थांबलीस की पाय झोपतात, मग पुढची खेप जड जाते." आणि उतरताना परत ओरडली, "गुडघं ताठ नको, टाच आपटू नको, फळी मोडशील. पायांना जाऊ दे, अडवू नको त्यांना."

आज बाजारात पळण्यावरची पुस्तकं मिळतात, फोनवर धडे मिळतात. मी त्यातले बरेच वाचले, ऐकले. लहान पावलं, भरभर लय, नजर जवळ, कल घोट्यातून, श्रम सारखे ठेवा आणि वेग त्याच्या मागे जाऊ द्या, माथ्यावरून पुढे धावत राहा. सगळं आयने त्या दुपारी राशीखाली उभी राहून सांगितलेलं. तिला धावण्यातलं काही कळत नव्हतं. तिला चढ कळत होता.

रोह्याला परत आल्यावर मी एकटीने सुरुवात केली. मंगळवार आणि शुक्रवार, उजाडताना. मावशीला सांगितलं होतं, मावसांना सांगितलं नव्हतं. टाकीच्या रस्त्याला विजेचे खांब होते, खालून पंपाच्या खोलीपर्यंत अकरा आणि तिथून टाकीपर्यंत नऊ. पहिले काही आठवडे मी पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंतच धावायचे, मग चालत खाली यायचे, श्वास जागेवर आला की परत. असं चार वेळा. शेवटची खेप पहिल्यासारखीच गेली पाहिजे हा माझा नियम होता. शेवटची रेंगाळली तर त्याचा अर्थ पहिलीला मी माजले होते. मग दोन खांब, मग तीन. एकदा मला लोभ सुटला, ओळीने तीन दिवस गेले, आणि डाव्या पोटरीने असा हिसका दिला की आठवडाभर लंगडत कॉलेजला गेले. मावशी जाड मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधून शेकायची आणि म्हणायची, "मांस हाय ते, लोखंड नाय. त्याला एक दिवस दे, मग ते तुला दोन देईल." हे मी माझ्या रविवारच्या मंडळींना अजून सांगते. त्यांना पटत नाही. चढाच्या दुसऱ्या दिवशी ते परत चढावर जातात आणि मग मला पोटऱ्यांचे फोटो पाठवतात, जसं काही फोटोत दुखणं दिसतं.

पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ धरलं. तेव्हा मी उतार शिकले. दोनदा आपटले, कोपर सोललं. मग कळलं की घाबरून मागे रेललं की पाय हमखास सटकतो. गुडघे सैल ठेवून, पावलं बारीक करून, हात जरा पसरून उताराबरोबर गेलं की तो फारसा काही करत नाही. नवरात्राच्या सुमारास एका शुक्रवारी मी खालच्या पहिल्या खांबापासून निघाले आणि न थांबता विसाव्या खांबापर्यंत गेले. टाकीच्या भिंतीला हात लावला. वरून कुंडलिका दिसत होती, कंपनीच्या चिमण्या दिसत होत्या, आणि आमच्या चाळीचं छप्पर. मी रडले नाही. मी मोठ्याने एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

थंडीत मंडळाची वार्षिक दौड असायची, पुलापासून टाकीपर्यंत. त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींना घ्यायचं ठरलं होतं, आणि तो ठराव मावसांनीच मांडला होता. तोवर त्यांना माझे मंगळवार-शुक्रवार कळले होते. माझ्यासाठी नवे बूट आणून त्यांनी दाराआड ठेवले होते. आम्ही आठ मुलींनी नावं दिली. दौडीच्या आदल्या दिवशी कॉलेजहून येताना मंडळाच्या फळ्यावर वाचलं: पुरुष, टाकीपर्यंत. मुली, पंपाच्या खोलीपर्यंत.

मावसा घरी दोरीचा गुंता सोडवत बसले होते.

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"सरांनी. वरचा तुकडा उभा हाय. एखादी पडली, चक्कर आली तर जबाबदारी कोणाची?"

"मी आठवड्यातनं दोनदा जाते वर."

"तू जातेस ते मला म्हायत हाय. मंडळाला कुठं म्हायत हाय?"

"मग तुम्ही सांगा ना."

मावसांनी दोरीवरची नजर उचलली नाही. "पुढच्या वर्षी सांगू. एकेक पायरीनं चालू. उद्या पंपापाशी मीच दोरी धरून उभा राहणार हाय. पहिली येशील तू, माझ्याच हातानं शिट्टी वाजवीन."

मावशी आतून भाकऱ्या थापत ऐकत होती. तिच्या हाताचा आवाज थांबला होता.

सकाळी आम्हा मुलींना पुरुषांच्या पाच मिनिटं आधी सोडलं. सुटायची वेळ ठरवून सर घड्याळ घेऊन टाकीपाशी गेले होते. मी घाई केली नाही. दोघी-तिघी पहिल्या वळणाला माझ्यापुढे धापा टाकत गेल्या, मी त्यांना जाऊ दिलं. तिसऱ्या खांबाशी एक मागे पडली, सहाव्याशी बाकीच्या. दहाव्या खांबावरून पंपाची खोली दिसली, रस्त्यावर आडवी दोरी, एका टोकाला कॅशियर आणि दुसऱ्या टोकाला मावसा. मावसांचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली.

मी खरं सांगते, तोपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. पण पाय एका लयीत पडत होते, श्वास ठिकाणावर होता, अंगात निम्म्याहून जास्त ताकद शिल्लक होती, आणि समोर एक दोरी होती. मी वाकले आणि तिच्याखालून पलीकडे गेले.

"वने!" मागून मावसा ओरडले. "वने, थांब! संपली दौड!" मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "वने, माझी आण हाय तुला!"

आमच्याकडे आण मोडत नाहीत. मी मोडली. तेवढे नऊ खांब माझ्या आयुष्यातले सगळ्यात जड नऊ खांब होते, आणि ते जड होते ते चढामुळे नव्हे. तेराव्या-चौदाव्या खांबाशी मागून पुरुष यायला लागले. कंपनीतले दोघं मला ओलांडून गेले, एकाने वळून बघितलं. बाकीच्यांच्या बुटांचे आवाज मला मागून ऐकू येत होते, जवळ यायचे, मग मागे पडायचे. वर बघायचं नाही, चार हात पुढे बघायचं. मी बघितलं तेव्हा समोर सरांचे पांढरे बूट होते.

सरांच्या अंगठ्याने घड्याळाची कळ दाबली. सवयीने दाबली गेली असणार, कारण लगेच त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा आवळला. "तुझी दौड खाली संपली," ते म्हणाले.

"चढ इथं संपतो सर," मी म्हटलं, आणि माथ्यावर न थांबता टाकीला वळसा घालून आले.

बक्षीस समारंभात माझं नाव घेतलं नाही. माझ्यामागून जी मुलगी दोरीपाशी पोचली तिला पहिलं बक्षीस मिळालं. ती बिचारी माझ्याकडे बघत ते घ्यायला गेली. फळ्यावर सगळ्यांच्या वेळा लागल्या, त्यांत माझी नव्हती. आणि मंडळाने मावसांना कळवलं की मुलीने लेखी माफी मागावी, नाहीतर चिटणीसपदाचा विचार करावा लागेल.

मावसांनी माफी स्वतःच लिहून आणली. अक्षर सुंदर होतं त्यांचं. "मी अनवधानाने व अज्ञानामुळे नियमभंग केला," असं काहीतरी. त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"मावसा, अनवधानाने नाय केला मी."

"म्हायत हाय मला. सही कर."

"खोटं हाय ते."

"माझ्या घरात राहतेस तू!" मावसा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. आण मोडल्यापासून ते माझ्याशी धड बोलले नव्हते, आणि बोलले ते हे.

मावशी स्वयंपाकाच्या दारात आली. हात पिठाचे होते. "घर माझं पन हाय," ती एवढंच म्हणाली आणि परत आत गेली. मी सही केली नाही. मावसा कागद घडी करून खिशात घालून दुसऱ्या पाळीला निघून गेले.

तीन दिवसांनी मावशीने मला सांगितलं, की त्यांनी तो कागद सरांना दिला. माझ्या नावाखाली स्वतःच सही करून, पालक म्हणून. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी चपला घातल्या आणि निघाले.

सरांचं घर बाजारपेठेमागे होतं, जास्वंदीचं कुंपण असलेलं. मी त्याआधी तिथे कधी गेले नव्हते. सरांच्या पत्नीने मला ओटीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. सर चष्मा पुसत बाहेर आले. मी उभी राहिले.

"सर, माझ्या नावाचा एक कागद तुमच्याकडं आहे. तो परत पाहिजे."

"तुझ्या मावसांनी दिलाय तो."

"त्यांना माझी काळजी आहे म्हणून त्यांनी लिहिला. पण नाव माझं आहे, आणि मी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग ते आत गेले आणि कागद घेऊन आले. दुसऱ्या हातात ती वही होती. कागद त्यांनी माझ्या हातात दिला. वही उघडली. "ये, बस," आवाज खाली आणून म्हणाले. "रागावू नकोस. तुझी वेळ घेतली आहे मी. पुलापासून टाकीपर्यंत. ऐकायची आहे? कुणाला सांगणार नसशील तर सांगतो. पुरुषांमध्ये धरली तरी तू..."

"सर," मी त्यांना मध्येच थांबवलं. शिक्षकाला मध्ये थांबवायची ती माझी पहिली वेळ. "बाकीच्यांची वेळ तुम्ही फळ्यावर लिहिली. माझी पण तिथंच लिहा. मला एकटीला घरात नका सांगू."

"ते आता होणार नाही."

"मग राहू द्या."

त्यांनी वही मिटली. मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले. फाटकापर्यंत जाताना दहा वेळा वाटलं, मागे वळावं आणि विचारावं. काय हरकत होती? एक आकडा तर होता. मी पुरुषांत कितवी होते, तिसरी की दहावी, हे जगात फक्त त्या एका वहीला माहीत होतं. सर जाऊन आता खूप वर्षं झाली, वहीचं काय झालं ठाऊक नाही, आणि ती वेळ मला आजतागायत कळलेली नाही. कधी कधी झोप लागत नाही तेव्हा मी अंदाज बांधते. पण मी वळले नाही याची खंत मला एकदाही वाटलेली नाही.

घरी मावसा जेवत होते. मी कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी तो ओळखला. "सरांकडं गेली होतीस?"

"व्हय."

"काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं, वेळेचं सुद्धा. मावशीने मध्येच येऊन कागद उचलला आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातला. मावसांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीची किल्ली त्यांच्या खुंटीवर नव्हती. कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्यांनी ती शिट्टीसकट परत केली होती, हे कॅशियरनी मावशीला बाजारात सांगितलं. त्यानंतर त्या खुर्चीवर मावसा कधी बसले नाहीत, आणि त्याचं ओझं माझ्याकडे आहे. ते मी नाकारत नाही. परत तीच दोरी समोर आली तर परत वाकेन, हेही नाकारत नाही.

रविवारी पहाटे मला कुणीतरी हलवून उठवलं. मावसा होते, कानटोपी घालून, पायात बूट. "मंडळ सहाला निघतं," म्हणाले. "आपण साडेपाचला निघू."

पुलापर्यंत आम्ही शेजारी शेजारी धावत गेलो. चढ लागला तेव्हा ते म्हणाले, "मला पंपाच्या वर कधी पळत जाता आलेलं नाय. चिटणीस होतो, पण वरचा तुकडा चालतच गेलो मी दर वेळी. तू हो पुढं."

"तुम्ही पाय लांब टाकता मावसा," मी म्हटलं. "आन् वर बघता."

मी त्यांच्या पुढे न जाता शेजारी राहिले. बोलत राहिले, चार हात पुढे, पावलं लहान, कमरेत मोडू नका, आता श्वास, आता परत. पंपाची खोली आली आणि गेली. पंधराव्या खांबाशी ते थांबले, गुडघ्यांवर हात ठेवले. मीही थांबले. मग ते परत निघाले, आणि शेवटचे पाच खांब आम्ही एका दमात गेलो. टाकीपाशी ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडीचं असेल. मी त्यांना बसू दिलं नाही. "चला मावसा, पाय झोपतील."

उतरताना पंपाच्या खोलीपाशी मंडळ भेटलं. पुढे सर, गळ्यात घड्याळ, मागे बाकीचे, सगळे धापा टाकत थांबलेले. रस्ता तिथे अरुंद आहे. सरांनी मावसांना मान तुकवली. मावसांनीही तुकवली, पण पाय थांबवले नाहीत. लहान पावलांनी, गुडघे सैल ठेवून ते त्यांच्यामधून वाट काढत खाली निघाले आणि दोन खांब गेल्यावर, मागे न बघता, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टाकीवरनं आलो सर, दोघं पन! लिवायचं असलं तर लिवा!"